बारकी आणि पंपवालीचा शेवटचा पेपर

आमची बारकी गेल्यापासून घरी माणसं येतात, बसतात, पाणी पितात आणि हळूच विचारतात, "युनिव्हर्सिटीत त्या नक्की काय करायच्या हो?" आम्ही घरातले एकमेकांच्या तोंडाकडे बघतो. दादा, म्हणजे तिचा मोठा भाऊ, इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आला की ती तिथे शिकवते. वहिनी सांगायची, ऑफिसात आहे. दोन्ही खोटं नव्हतं आणि धड खरंही नव्हतं. मग एक दिवस तिच्या ऑफिसातले वरचे सर भेटायला आले, आणि नंतर एक पंपवाली आली. ती दोघं जे बोलली ते जोडून ही हकीकत. आम्हालाही पुरती तेव्हाच कळली.

बारकी हे काही तिचं कागदावरचं नाव नव्हे. भावंडांत शेवटची, जन्मली तेव्हा मांजराच्या पिलाएवढी, म्हणून बारकी. पुढे ती अशी उंच झाली की दादाच्या डोक्यावरून पलीकडचं बघायची, पण नाव काही उंच झालं नाही. केस पांढरे झाले तरी बारकीच. लग्न केलं नाही, दादा-वहिनीजवळच राहिली, आणि त्याचं तिला कधी वाईट वाटलंय असं आम्ही पाहिलं नाही.

तिचं काम असं. इंजिनिअर झालेली, नोकरीला लागलेली माणसं असतात. त्यांना पुढची मोठी पदवी घ्यायची असते, पण नोकरी सोडता येत नाही. मग ती घरूनच शिकतात, ऑनलाइन. शिकवणारे कॉम्प्युटरवर, परीक्षा कॉम्प्युटरवर. युनिव्हर्सिटीची पायरी ती कधी चढत नाहीत. मग त्यांचं अडलंनडलं बघायचं कुणी? कुणाचं नाव नोंदवायचं राहिलं, कुणाला विषय बदलायचाय, कुणाचं बाळ नेमकं परीक्षेच्या आठवड्यात जन्मलं, कुणाचा पासवर्ड चालत नाही, कुणी वैतागून सगळं सोडूनच द्यायला निघालंय. या सगळ्यांना एकच फोन नंबर, आणि त्याच्या या टोकाला आमची बारकी. तिच्या दारावर पाटी होती, समन्वयक. वहिनीने एकदा विचारलं, "म्हणजे काय गं?" तर म्हणाली, "तू घरात करतेस ना, तेच."

खोली दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. भिंतीच्या पलीकडे झेरॉक्सचं मशीन. ते जास्त चाललं की भिंत गरम व्हायची, आणि थंडीच्या दिवसांत बारकी खुर्ची मागे सरकवून भिंतीला पाठ शेकत फोनवर बोलायची. कानाला हेडफोन, एका हाताने टाईप करणं, दुसऱ्या हातात चहा.

घरी ती विद्यार्थ्यांबद्दल बोलायची ते त्यांच्या कामावरून. पूलवाला, बॉयलरवाली, जहाजवाला, लिफ्टवाला. जेवताना म्हणायची, "लिफ्टवाला अडकलाय गं." मग दादा म्हणायचा, "लिफ्टवाला अडकला तर त्याने लिफ्टवाल्याला फोन करावा, तुला कशाला करतो?" हा विनोद त्याने इतक्या वेळा केला की शेवटी तीच आधी म्हणायची, "हं, दादा, बोल आता."

तिची एक पद्धत होती. नवीन माणूस दाखल झाला की पहिल्या आठवड्यात ती त्याला स्वतः फोन करायची आणि बाकी काही विचारायच्या आधी विचारायची, "शिकायला बसणार कुठे?" समोरचा गोंधळायचा. पस्तिशी-चाळिशीची माणसं, हाताखाली चार लोक, आणि ही विचारते कुठे बसणार. पण उत्तरं यायची. घरी जुळी लेकरं आहेत म्हणून खाली लावलेल्या गाडीत बसणार. बॉयलरच्या खोलीत उलट्या ड्रमवर बसणार. एक जण तर म्हणाला, न्हाणीघरात, वॉशिंग मशीनवर, कारण घरात कडी तेवढ्याच दाराला आहे. सर नवीन आले तेव्हा म्हणाले, "मॅडम, हे सगळं ईमेलने विचारता येईल, फॉर्म करू एक." बारकी म्हणाली, "फॉर्मवर माणूस घरचा पत्ता लिहितो, सर. खुर्ची कुठे आहे ते लिहीत नाही." सर हसले आणि तो विषय राहिला.

म्हणजे ते सगळं तिच्या डोक्यात असायचं. कोण गाडीत, कोण ड्रमवर. डोक्यातच असायचं, आणि तिथेच ती एकदा फसली.

पंपवाली ही शहराच्या पाणीपुरवठ्याच्या पंपांवर इंजिनिअर. दिवसरात्र पंपांच्या आवाजात, त्यामुळे साधं बोलली तरी भांडल्यासारखं. तिचा फोन आला की बारकी हेडफोन कानावरून काढून टेबलावर ठेवायची, तरी स्पष्ट ऐकू यायचं. घर दोन खोल्यांचं, एकीतून दुसरीत जायचं. घरात ती आणि तिचे वडील. बाबा आयुष्यभर शिंपी होते, आता आठवण पार गेलेली. एकटे ठेवले की घाबरायचे, दार उघडून निघायचे. म्हणून ते सतत डोळ्यासमोर हवेत.

आता या ऑनलाइन परीक्षेचा नियम असा, की खोलीत एकट्याने बसायचं. कॅमेरा बघतो, मशीन कान लावून असतं. दुसरा माणूस दिसला, दुसरा आवाज आला, की मशीन खूण करतं आणि प्रकरण समितीकडे जातं. पण कुणाची खरीच अडचण असेल तर सवलत मिळते. ती समन्वयकाने प्रत्येक पेपरच्या आधी वेगळी नोंदवायची. बारकीने पहिल्याच फोनवर सांगून टाकलं होतं, "बाबांना खोलीतच बसव, मागे, कॅमेऱ्यात दिसतील असे. नोंद मी करत जाईन. तू तिकडे बघायचंच नाही, तू पेपर लिही." आणि दर पेपरला ती करायची. बाबा मागे खुर्चीवर बसायचे, मांडीवर कापडाचा तुकडा, तो घडी घालायचे, उलगडायचे.

असं करत पंपवाली शेवटच्या पेपरापर्यंत आली. ही पदवी मिळाली की तिची पंपावरची रात्रपाळी सुटणार होती. नकाशांच्या ऑफिसात दिवसाची जागा तिच्यासाठी धरून ठेवली होती. पाळीच्या रात्री बाबांकडे शेजारीण बघायची, पण ती शेजारीण आता लेकीकडे राहायला जाणार होती. म्हणजे या पेपरावर काय काय लटकलं होतं बघा.

पेपर झाला आणि दोन दिवसांनी सरांनी बारकीला केबिनमध्ये बोलावलं. स्क्रीन तिच्याकडे वळवली. "मॅडम, बघा जरा हे."

पंपवाली पेपर लिहितेय. मागे बाबा उठतात. हळूहळू येतात, तिच्या पाठीशी उभे राहतात, एका हाताची वीत तिच्या खांद्यावर टेकवतात आणि स्वच्छ आवाजात म्हणतात, "पंधरा." मग दंडावरून खाली, "एकवीस." मग मानेपाशी, "साडेतेरा." पंपवाली मान वर करत नाही. लिहीतच राहते, तिला तसंच सांगितलेलं.

"हे कोण?" सर म्हणाले.

"वडील तिचे."

"आकडे सांगतायत."

"मापं सांगतायत, सर. शिंपी होते. खांदा, बाही, गळा."

सरांनी स्वतःच्या गळ्याशी बोट घालून बघितलं. "हो, असेल. मी तुमचं ऐकतो हो मॅडम. पण चौथ्या प्रश्नाचं उत्तर साडेतेरा आहे."

नशीबच म्हणायचं. शिंप्याने लेकीच्या गळ्याचं माप घ्यावं आणि ते पाण्याच्या दाबाच्या गणिताचं उत्तर निघावं.

"तिने ते त्याच्या आधीच सोडवलं असेल," बारकी म्हणाली.

"नंतर सोडवलंय. बघितलं मी. आणि दुसरं म्हणजे, सवलतीची नोंद कुठे आहे? मागच्या सगळ्या पेपरांना आहे. याला नाही."

बारकीला तर नोंद केल्याचं चांगलं आठवत होतं. पण ते आठवत होतं मागच्या पेपरचं. रोज गॅस बंद करणाऱ्या माणसाला तो आज केला की काल ते सांगता येत नाही, तसं झालं.

"माझ्याकडून राहिली," ती म्हणाली.

"लेखी द्याल? दिलंत तर तुमच्या फाइलला शेरा लागेल. नाही दिलंत तर त्या मुलीचं नाव कापतील. आधीचे पेपरही जातील."

"कागद द्या," बारकी म्हणाली, आणि तिथेच उभ्याने लिहून दिलं.

त्या दिवशी ती घरी आली आणि जेवली नाही. वहिनीने विचारलं, "पोट बिघडलं का?" तर म्हणाली, "हो." दादाला वाटलं, सर ओरडले. तो म्हणाला, "कोण आहे तो तुझा सर, मी येऊन बोलतो त्याच्याशी." ती म्हणाली, "दादा, तो फार चांगला माणूस आहे. तू घरीच बस."

दुसऱ्या दिवशी पंपवालीला फोन. बारकीने आडपडदा न ठेवता सांगितलं, की मशीनने धरलंय, नोंद माझ्याकडून राहिली, चूक माझी. नेहमी गरजणारी ती पोरगी इतक्या हळू बोलली, की बारकीला हेडफोन कानात घट्ट दाबावा लागला.

"ताई, नाव कापतील माझं?"

"अजून कापलेलं नाही."

"मी विचारायला हवं होतं नोंद झाली का."

"तू कशाला विचारायचंस? ते माझं काम. तू पंप बंद झाला का म्हणून मला विचारतेस का?"

तिकडून जरासं हसू आलं, मग रडू. बारकीने दोन्ही होऊ दिलं. भिंतीच्या पलीकडे झेरॉक्स चालू होतं, ते संपेपर्यंत दोघी नुसत्या फोन धरून बसल्या.

समितीने चार दिवस खल केला. शेवटी सांगितलं, पेपर पुन्हा द्या. नवे प्रश्न. कॅमेरा असेल, शिवाय खोलीत देखरेखीला एक माणूस बसेल. आणि आता सवलत नाही. घरातून कुणाचाही आवाज आला की सगळं तिथेच संपलं.

सगळं बरं, पण बाबांचं काय करायचं? शेजारीण लेकीकडे निघून गेलेली. बाहेर नेलं तर बाबा घाबरून ओरडतात. तीन तास, पलीकडच्या खोलीत, शब्द न काढता त्यांना कोण धरून ठेवणार? पंपवालीने कामावर विचारलं, नात्यात विचारलं. मग बारकीला म्हणाली, "राहू दे ताई. नशिबात नाही."

"रविवारी किती वाजता उठतात बाबा?" बारकीने विचारलं.

रविवारी पहाटे ती बसने निघाली, पंपवालीच्या परीक्षेत तिच्या वडिलांजवळ बसायचंय, एवढंच सांगून. दादा म्हणाला, "परीक्षा तिची आणि घाम तुला. आता म्हाताऱ्यांचं पाळणाघर काढ एक." वहिनीने मात्र काही न विचारता ट्रंकेतून न शिवलेलं शर्टाचं कापड काढून दिलं. कारण बारकीने तेवढंच मागितलं होतं, आणि कशाला ते सांगितलं नव्हतं.

घर तिने फोनवर ऐकलं होतं तसंच निघालं. पुढची खोली, मागची खोली, मधे दार. देखरेखीला जवळच्या एका वाचनालयातले गृहस्थ आले होते. स्वभावाने इतके गप्प, की जणू त्यासाठीच पगार मिळतो. ते पंपवालीबरोबर आतल्या खोलीत बसले, दार लागलं, आणि पुढच्या खोलीत उरले बाबा आणि बारकी.

बाबांनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. एवढी उंच बाई त्यांनी बऱ्याच दिवसांत बघितली नसावी. गळ्यात टेप होताच, तो काढला आणि तोंड उघडलं. माप घेतलं की आकडा मोठ्याने सांगायचा, समोरच्याने लिहून घ्यायचा, दुकानात सारा जन्म तसाच गेलेला. बारकीने ओठांवर बोट ठेवलं आणि कुजबुजली, "बाबा, हळू सांगा. आत पोर झोपलंय."

बाबांनी दाराकडे बघितलं. मान हलवली. मग तिच्या कानाशी येऊन कुजबुजले, "सतरा."

"सतरा," बारकी कुजबुजली आणि कापड गुंडाळलेल्या कागदावर लिहिलं.

झालं, दुकान उघडलं. तिचा खांदा, बाही, कंबर. मग खुर्चीची पाठ. मग टेबल. खिडकीचा पडदा मापला आणि नापसंतीने मान हलवली. दाराची उंची घ्यायला बारकीला स्टुलावर चढवलं. दर आकडा कानात, दर आकडा कागदावर. अधूनमधून ते कापड उलगडून हातावरून फिरवायचे आणि कुजबुजायचे, "चांगलं आहे. कुठून आणलं?" "वहिनीने दिलं." "वहिनीला अक्कल आहे." पंपवालीकडून हे ऐकल्यावर, एवढ्या दुःखातही वहिनी दोन दिवस खूश होती.

मधेच ते थांबले आणि म्हणाले, "पोर कुणाचं झोपलंय?"

"तुमचंच, बाबा."

ते बराच वेळ दाराकडे बघत राहिले. ओळख पटली की नाही कुणास ठाऊक. पण त्यानंतर ते पाय उचलून टाकायला लागले, फरशीवर घासू नयेत म्हणून.

आणि तेवढ्यात बारकीचा फोन वाजला. बंद करायचा राहिला होता. दादा, दुसरं कोण. बसमध्ये जागा मिळाली का हे विचारायला त्याला तीच वेळ सापडली. बारकीने पर्स पोटाशी धरली, हात घातला, फोन सापडेना. बाबांनी झटकन तिच्या हातातून पर्स ओढली, कापडात गुंडाळली, वर स्वतःची उशी ठेवली आणि उशीवर बसले. मग दुकानातल्या पोऱ्याकडे बघावं तसं तिच्याकडे बघितलं, ओठांवर बोट ठेवलं आणि डोळे वटारले. बारकी म्हणाली म्हणे नंतर पंपवालीला, की एवढी बोलणी खाल्ल्यासारखं तिला कधी वाटलं नव्हतं, आणि तेही एकही शब्द न ऐकता.

फोन बाबांच्या खाली थोडा वेळ गुरगुरला आणि बंद पडला. आतलं दार उघडलं नाही. पेपर संपला तेव्हा ते गृहस्थ बाहेर आले, कागदावर सही केली आणि दिवसातलं पहिलं वाक्य बोलले, "शांतता उत्तम होती." पंपवाली दारात उभी. बारकीने विचारलं, "कसा गेला?" तर ती म्हणाली, "ताई, मला आत इतकं शांत वाटलं, की मधे मी दचकले, पंप बंद पडला की काय."

मग निकालाची वाट. आता समन्वयकाला निकाल एक दिवस आधी दिसतो, सगळ्यांची नावं बरोबर आहेत का ते तपासायला. सांगायची सक्त मनाई. बारकीच्या स्क्रीनवर तो आला दुपारी. तिने पंपवालीची ओळ एकदा वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग उठून सरांच्या दारात गेली. सरांनी नुसतं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "निकाल मीही वाचलाय, मॅडम. तुमच्या फाइलला शेरा लागला तो लागला. पण आज चहा माझ्याकडून."

संध्याकाळी निघता निघता फोन वाजला. पंपवाली. भलतंच काहीतरी विचारत होती, कुठल्याशा विषयाची पावती ऑनलाइन दिसत नाही वगैरे. खरं काय विचारायचंय ते दोघींना कळत होतं. बारकीने पावती शोधून दिली. सगळं नेहमीच्या आवाजात.

"अजून काही?"

"नाही ताई. उद्या लागणार ना निकाल?"

"उद्या लागणार."

"मला आज रात्रपाळी आहे. शेजारीण लेकीकडून येतेय बाबांजवळ, पण निकालापर्यंतच. काही सुचत नाही कामात."

नियम बारकीने कधी मोडला नव्हता, आणि एका चुकीची शिक्षा अजून ताजी होती. तिने हेडफोन नीट केला आणि म्हणाली, "नकाशांच्या ऑफिसात तुला बसायला जागा कुठे देणार आहेत गं? खिडकीजवळ की आत?"

तिकडून असा काही आवाज आला, की बारकीने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि जिन्यातून चाललेले झेरॉक्सवाले थांबून आत डोकावले.

त्या संध्याकाळी बारकी घरी आली, हातपाय धुतले, ताटावर बसली आणि म्हणाली, "वहिनी, वाढ." दोनदा वाढून घेतलं. दादाने विचारलं, "काय गं, सर हसले वाटतं आज?" ती म्हणाली, "हो. चहा पण पाजला." बाकी आम्हाला काही सांगितलं नाही.